ब्लू टीमची वाटचाल

ब्रिजच्या इतिहासात एका देशाच्या एका संघाने जवळपास दोन दशके जागतिक स्पर्धांवर वर्चस्व गाजवले. तो देश इटली आणि तो संघ ‘ब्लू टीम’. 1957 ते 1975 या काळात या संघाने बर्म्युडा बाउल हा विश्वविजेतेपदाचा करंडक 13 वेळा आणि दर चार वर्षांनी होणारे सांघिक ऑलिंपियाड 3 वेळा जिंकले. या 16 विजेतेपदांत प्रत्येक वेळी संघात असलेला खेळाडू एकच, रोमचे जॉर्जो बेलाडोना. त्यांच्या कारकिर्दीचा आढावा घ्यायचा तर तो संघाच्या वाटचालीपासून वेगळा काढता येत नाही, आणि संघाची हकीकत सांगायची तर ती बेलाडोनांच्या जन्मगावी, रोममध्ये सुरू होत नाही. तिचा आरंभ नेपल्समध्ये आहे.

काँट्रॅक्ट ब्रिज आजच्या स्वरूपात आले 1925 साली. हॅरॉल्ड व्हँडरबिल्ट या अमेरिकन गृहस्थांनी पनामा कालव्यातून जाणाऱ्या जहाजावर सोबत्यांसह गुणांकनाची नवी पद्धत आजमावली आणि थोड्याच वर्षांत जुने ऑक्शन ब्रिज मागे पडले. त्यामुळे हा खेळ अमेरिकेचाच, अशी समजूत सुरुवातीपासून रूढ झाली होती. 1950 साली बर्म्युडा बाउल सुरू झाला तेव्हा पहिला करंडक अमेरिकेनेच नेला. पुढल्या वर्षी युरोपचा विजेता म्हणून इटली पुढे आली. सामना नेपल्समध्ये, घरच्या अंगणात होता. इटली हरली. त्या पराभूत संघात एउजेनियो कियाराडिया, पिएत्रो फोर्के आणि गुल्येल्मो सिनिस्काल्को हे तिघे नेपल्सकर होते, आणि कर्णधार होते मोडेना शहरातले फौजदारी वकील कार्लो अल्बेर्तो पेर्रू. ब्लू टीमची पायाभरणी या पराभवात झाली, असे म्हटले तर ते वावगे ठरू नये.

कियाराडियांना सगळे ‘प्रोफेसर’ म्हणत. शिकवणे हा त्यांचा पिंड होता. फोर्के आणि सिनिस्काल्को त्यांच्याच हाताखाली तयार झाले. बोली लावताना जोडीदाराला आपल्या पानांची खबर द्यायची ती अंदाजाने नव्हे, पायरीपायरीने आणि ठरलेल्या अर्थाने द्यायची, हा त्यांचा आग्रह. त्यातून ‘नेपोलिटन क्लब’ ही पद्धत आकाराला आली. तिची मांडणी थोडी जवळून पाहण्यासारखी आहे. पत्त्यांची ताकद मोठी असेल, म्हणजे साधारण 17 गुणांच्या वर, तर खेळाडू ‘एक किल्वर’ बोलतो. किल्वरची पाने हातात आहेत की नाहीत, याचा त्या बोलीशी संबंध नसतो. मग समोरचा जोडीदार उत्तर देतो ते एक्के आणि राजे मोजून. एक्क्याचे दोन, राजाचा एक. ‘एक इस्पिक’ म्हटले तर असे तीन मोल त्याच्याकडे आहेत, म्हणजे एक एक्का नि एक राजा किंवा नुसते तीन राजे. त्यापुढची ‘एक नोट्रम्प’ ही बोली चार मोल सांगते. दोन वाक्यांच्या देवघेवीत जोडीला कळून चुकते की बारा हात मिळण्याजोगी ताकद आपल्याकडे आहे की नाही. आपल्याकडे ‘तीनशे चार’ खेळणाऱ्यांना बोली म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. पण बोलीला एवढी काटेकोर व्याकरणाची शिस्त लावण्याचे काम त्या काळी फार थोड्यांनी केले होते.

रोममध्ये वेगळेच काही शिजत होते. बेलाडोना आणि न्यायाधीश वॉल्टर आवारेल्ली या जोडीने ‘रोमन क्लब’ उभा केला. त्यात ‘एक किल्वर’ ही बोली बहुतेक वेळा साध्या, समतोल पानांची आणि क्वचित फार मोठ्या ताकदीची असे. पुष्कळदा आखूड रंग आधी आणि लांब रंग नंतर सांगितला जाई. बेलाडोनांचा जन्म 1923 चा, आवारेल्लींचा 1912 चा. वयात अकरा वर्षांचे अंतर, स्वभावातही अंतर. एक उत्साही, बोलका, टेबलावर हातवारे करणारा. दुसरा शांत. जोडी मात्र अशी जमली की पुढे दोघांनी मिळून 12 जागतिक विजेतेपदे मिळवली.

नेपल्स आणि रोम यांच्या पद्धती जुळणाऱ्या नव्हत्या. एका संघात त्या एकत्र नांदवायच्या कशा, हा पेर्रूंपुढचा पहिला प्रश्न होता. त्यांनी तो सोडवला नाही, तसाच राहू दिला; त्यांचा मोठेपणा यातच आहे. जोडी आपली, पद्धत आपली, तिच्यावरची मालकीही आपली. संघाचे वेळापत्रक, झोप, खाणेपिणे आणि टेबलावरचे वागणे मात्र कर्णधाराचे. खेळाडूंपैकी कुणी न्यायाधीश, कुणी वकील, कुणी अभियंता, कुणी बँकेत नोकरीला. गावी परतल्यावर प्रत्येकाला आपापले काम होते. अशा हौशी माणसांना स्पर्धेच्या दहा-बारा दिवसांसाठी एका शिस्तीत बांधणे सोपे नव्हते. पेर्रूंचा शब्द शेवटचा असे आणि त्यांच्यासमोर कुणाची मात्रा चालत नसे. इटालियन ब्रिज महासंघाचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे असल्याने निवड, प्रवास आणि खर्च या सगळ्याची सूत्रे एका हाती राहिली.

1956 साली स्टॉकहोममध्ये संघाने युरोपीय विजेतेपद मिळवले. त्याच बळावर 1957 च्या जानेवारीत तो न्यूयॉर्कला गेला. बेलाडोना-आवारेल्ली, फोर्के-सिनिस्काल्को आणि कियाराडियांच्या जोडीला नेपल्सचेच वकील मासिमो दालेलिओ अशा तीन जोड्या होत्या. सांघिक ब्रिजची रीत इथे सांगितली पाहिजे. तेच तेच डाव दोन खोल्यांत खेळले जातात. एका खोलीत आपली जोडी उत्तर-दक्षिण बसते, दुसऱ्या खोलीत आपलीच दुसरी जोडी पूर्व-पश्चिम. त्यामुळे चांगली पाने आली म्हणून कुणी जिंकत नाही. त्याच पानांवर प्रतिस्पर्ध्यापेक्षा सरस खेळ करावा लागतो. न्यूयॉर्कला अमेरिकेचा संघ ही स्पर्धा आपलीच मानून बसला होता. इटलीने तो सामना मोठ्या फरकाने जिंकला. निळा हा इटलीच्या सर्व राष्ट्रीय संघांचा रंग. तोच ब्रिजच्या संघाच्या नावात आला आणि ‘ब्लू टीम’ हे नाव जगभर कायम झाले.

त्यानंतर विजयांची ओळ लागली. 1958 ला कोमो, 1959 ला पुन्हा न्यूयॉर्क. तीन वर्षांत तीन करंडक. पण याच वर्षांत संघावर पहिली किटाळेही आली. ही माणसे एकमेकांना खुणा करतात, असा संशय पराभूतांपैकी काहींनी बोलून दाखवला. त्या पिढीविरुद्ध अशी कुठली गोष्ट शाबीत झाली नाही, तरी कुजबुज थांबली नाही. मुळात या पद्धतींत प्रत्येक बोलीला नेमका अर्थ असे, आणि जोडीदार एकमेकांची पाने जणू पाहून खेळताहेत असे परक्याला वाटे. त्या संशयाचा एक भाग या शिस्तीचीच पावती होता, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. तरीही एवढ्या टीकेच्या भडिमारात वर्षानुवर्षे टेबलावर बसणे हे कष्टाचेच होते, हे नाकारता येत नाही.

1960 हे वर्ष संघाला जड गेले. पहिले ऑलिंपियाड इटलीतच, तोरिनोमध्ये भरले, आणि विजेतेपद फ्रान्सने नेले. घरच्या मैदानावर दुसऱ्यांदा हार. पण पेर्रूंनी संघ मोडला नाही. 1961 साली ब्युनोस आयर्सला निघण्याच्या वेळी सिनिस्काल्को जाऊ शकत नव्हते. त्यांच्या जागी नेपल्सचा एक तरुण जवाहिऱ्या निवडला गेला, बेनितो गारोत्सो. ही निवड म्हणजे ब्लू टीमच्या इतिहासातले सर्वांत मोठे वळण. गारोत्सो आणि फोर्के यांनी नेपोलिटन क्लबला घासून-पुसून ‘ब्लू क्लब’ बनवला, आणि पुढली दहा-अकरा वर्षे ही जोडी जगात अव्वल मानली गेली. गारोत्सोंचे वैशिष्ट्य होते पहिल्या पानाचे. प्रतिस्पर्ध्यांची बोली संपल्यावर पहिले पान कोणते टाकायचे, हा ब्रिजमधला सर्वांत अंधारातला निर्णय. त्या क्षणी आपली तेरा पाने सोडली तर डोळ्यांसमोर काहीच नसते. गारोत्सो त्या बोलीतून प्रतिस्पर्ध्यांचे हात वाचत आणि बहुधा नेमके घातक पान काढत. आजही ब्रिजचे लेखक उदाहरणासाठी त्यांचेच डाव निवडतात.

1961 चा करंडक आला, 1962 चा न्यूयॉर्कहून आला, 1963 चा इटलीतल्याच सेंट व्हिन्सेंटमध्ये. घरच्या मैदानाचे शल्य तिथे निघाले. 1963 साली फ्लॉरेन्सचे अभियंते कामिल्लो पाबिस तिच्ची संघात आले आणि कियाराडिया सहाव्या विजेतेपदानंतर बाजूला झाले. ज्यांनी अर्धा संघ शिकवून तयार केला, त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांकडे संघ सोपवला. यानंतरच्या संघाची रचना स्थिर झाली: बेलाडोना-आवारेल्ली, फोर्के-गारोत्सो, दालेलिओ-पाबिस तिच्ची. या सहा जणांनी 1964 साली न्यूयॉर्कमध्ये ऑलिंपियाडही जिंकले आणि तोरिनोची उणीव भरून काढली.

1965 ची ब्युनोस आयर्सची स्पर्धा इटलीने जिंकली, पण ती लक्षात राहिली ती भलत्याच कारणाने. ब्रिटनच्या एका नामांकित जोडीवर बोटांनी खुणा केल्याचा आरोप झाला. जागतिक महासंघाने त्यांना दोषी ठरवले आणि मायदेशातल्या चौकशीने निर्दोष. या वादात इटलीच्या खेळाची चर्चा झाकोळली गेली. 1966 च्या सेंट व्हिन्सेंटमधील विजयानंतर पेर्रूंनी कर्णधारपद सोडले. या दहा वर्षांतल्या यशामागे ते उभे होते. टेबलावर त्यांनी क्वचितच पाने हातात घेतली असतील. तरी संघाच्या नावावर जमा असलेल्या यशात त्यांचा वाटा कुणाही खेळाडूपेक्षा कमी नाही.

त्यांच्या माघारीही संघ थांबला नाही. 1967 ला मायामी बीच, 1968 ला दोव्हिलचे ऑलिंपियाड, 1969 ला रिओ दी जानेरो. रिओच्या अंतिम सामन्यात समोर तैवान होते. त्यांची पद्धत नवी, ‘प्रिसिजन’, चिनी-अमेरिकन जहाजमालक सी. सी. वेई यांची बांधणी. इटलीने सामना जिंकला, पण ती पद्धत इटालियनांच्या नजरेत भरली. या विजयानंतर संघाने निवृत्ती जाहीर केली. दहा बर्म्युडा बाउल आणि दोन ऑलिंपियाड खात्यात होते.

इकडे अमेरिकेत वेगळी तयारी सुरू झाली होती. डॅलसचे उद्योगपती इरा कॉर्न यांनी 1968 साली ‘एसेस’ नावाचा संघ उभा केला. खेळाडूंना पगार, पूर्णवेळ सराव, झालेल्या चुकांची नोंद ठेवायला संगणक. ब्लू टीमला हरवायचे, हा त्यामागचा उघड हेतू. 1970 आणि 1971 साली एसेसने बर्म्युडा बाउल जिंकला, पण ब्लू टीम रिंगणात नव्हती. त्यामुळे त्या विजेतेपदाला एक ‘पण’ चिकटला. तो सोडवण्यासाठी 1971 च्या डिसेंबरात लास व्हेगासमध्ये दोन्ही संघांचा आव्हान सामना झाला. ब्लू टीम परतली ती वेईंच्या प्रिसिजन पद्धतीचे धडे घेऊन, आणि जिंकली. 1972 च्या मायामी बीच ऑलिंपियाडच्या अंतिम सामन्यातही तिने एसेसलाच हरवले. तिशी-चाळिशीत जगज्जेते झालेल्या माणसांनी पन्नाशीच्या उंबरठ्यावर नवी पद्धत घोकून पाठ करावी आणि पगारी, तरुण संघापुढे ती यशस्वी करून दाखवावी, ही या वाटचालीतील सर्वांत अभिमानाची बाब म्हणावी लागेल.

त्यानंतर जुन्या सहा जणांची फळी विस्कटली. आवारेल्ली, दालेलिओ आणि पाबिस तिच्ची बाजूला झाले. बेलाडोना आणि गारोत्सो एकत्र बसू लागले. एक रोमन परंपरेतला, दुसरा नेपोलिटन. दोघांनी ‘सुपर प्रिसिजन’ रचली, आणि सुरुवातीला एका संघात शेजारी राहिलेल्या दोन पद्धती आता एका टेबलावर समोरासमोर आल्या. 1973 ला ब्राझीलमधील ग्वारुजा आणि 1974 ला व्हेनिस इथले करंडक त्यांच्याच जोरावर आले. फोर्के त्या दोन्ही संघांत होते. व्हेनिसचा करंडक त्यांचा बारावा आणि शेवटचा बर्म्युडा बाउल ठरला. त्यांच्याबरोबर बिआंकी, दे फाल्को, फ्रँको, पित्ताला ही नव्या पिढीतली माणसे आली.

1975 साली बर्म्युडा बाउलच्या पंचविशीनिमित्त स्पर्धा बर्म्युडातच भरली. जोडीदारांमध्ये पडदा लावायची रीत या स्पर्धेत पहिल्यांदा आली. पडद्याने चेहरे झाकले, पाय नाही. इटलीच्या एका जोडीतील एकाचा पाय टेबलाखाली जोडीदाराच्या पायाला लागत असल्याचे पंच आणि पत्रकारांनी पाहिले. महासंघाने त्या जोडीला कडक ताकीद दिली. दोषी ठरवून बाहेर मात्र काढले नाही. मग टेबलांखाली अडथळा म्हणून लहान टीपॉय ठेवले गेले. या प्रकरणाने ब्लू टीमच्या नावाला लागलेला डाग आजवर पुसला गेलेला नाही, हे स्पष्ट नोंदवले पाहिजे. संघाच्या इतर सदस्यांना त्याची झळ बसली ती वेगळीच.

अमेरिकेविरुद्धच्या 96 डावांच्या अंतिम सामन्यात इटली मोठ्या फरकाने मागे पडली होती. बेलाडोना-गारोत्सो आणि फ्रँको-पित्ताला या दोन जोड्यांनी ती पिछाडी हळूहळू भरून काढली. 92 व्या डावात बेलाडोना सात किल्वरवर जाऊन बसले. म्हणजे तेराही हात जिंकण्याची बोली, हुकूम किल्वर, आणि किल्वरचा राजा प्रतिस्पर्ध्यांकडे! डमीच्या, म्हणजे पाने टेबलावर उघडी मांडलेल्या जोडीदाराच्या, हातात किल्वरचा एक्का आणि राणी, एवढी दोनच पाने. बोली पार पडायची तर राजा डमीच्या आधी पान टाकणाऱ्या खेळाडूकडे हवा आणि त्याच्याजवळ फार तर आणखी एकच किल्वर हवे. त्याच्या हातात तिसरे किल्वर असते तरी करंडक अमेरिकेचा होता. दुसऱ्या खोलीत अमेरिकन जोडी लहान स्लॅमवर, म्हणजे बारा हातांच्या बोलीवर, थांबली होती. बेलाडोनांनी किल्वर खेळले, राणी धावली, मग एक्का टाकला आणि राजा त्यावर पडला. इटलीचा तेरावा बर्म्युडा बाउल या एका डावावर उभा आहे. दैवाची साथ होती, यात शंका नाही. पण तोवरच्या डावांमधली पिछाडी भरून काढली नसती, तर त्या दैवाला काही करायलाच उरले नसते.

1976 मध्ये मोंटे कार्लोला अमेरिकेने इटलीला अंतिम सामन्यात हरवले, आणि त्याच वर्षीचे ऑलिंपियाड ब्राझीलने जिंकले. ब्लू टीमचे युग इथे संपले, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. बेलाडोना मात्र खेळत राहिले. 1979 साली रिओत इटली अंतिम सामन्यात केवळ 5 गुणांनी हरली. 1983 साली स्टॉकहोममध्ये पुन्हा अंतिम सामना, समोर पुन्हा एसेस, आणि पुन्हा हार 5 गुणांनी. त्या वेळी बेलाडोना 60 वर्षांचे होते. स्टॉकहोमला शेवटच्या डावांत बेलाडोना आणि गारोत्सो यांच्यातच बोलीत गैरसमज झाला. न होणाऱ्या स्लॅमवर दोघे जाऊन बसले, आणि हातात आलेला सामना निसटला. ज्या जोडीने आयुष्यभर बोलीतला संदेह काढून टाकण्याचे काम केले, तिला त्या संदेहाचाच फटका बसावा, याची हळहळ ब्रिजप्रेमींना आजही वाटते.

बेलाडोनांचे 1995 साली निधन झाले. गारोत्सो अमेरिकेत स्थायिक झाले आणि तिथल्या स्पर्धांत वयाची तमा न बाळगता उतरत राहिले. फोर्के नेपल्सचेच राहिले. ब्लू टीमच्या गाजलेल्या डावांवर त्यांनी लिहिलेले पुस्तक डाव खेळण्याच्या तंत्राचे पाठ्यपुस्तक मानले जाते. 2023 साली वयाच्या 97 व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

या संघाचा वारसा दोन ठिकाणी दिसतो. एक, टेबलावर. कोणत्याही देशातील क्लबात आज स्लॅमच्या वाटेवर असलेली जोडी एक्के विचारते ती बहुधा ‘रोमन की-कार्ड ब्लॅकवुड’ने. या पद्धतीचे मूळ रोमन पद्धतीतल्या उत्तरांत आहे. मोठ्या ताकदीला ‘एक किल्वर’ म्हणण्याची रीत प्रिसिजनच्या रूपाने जगभर पोचली आहे.

दुसरा वारसा माणसांचा. 1979 आणि 1983 च्या दोन्ही पराभूत संघांत लोरेंझो लाउरिया हा तरुण खेळाडू होता, रिओला गारोत्सोंचा जोडीदार म्हणून. दोन्ही वेळी पाच-पाच गुणांनी करंडक हुकलेला त्याने पाहिला. 2000 साली मास्ट्रिक्टला इटलीने ऑलिंपियाड जिंकले तेव्हा लाउरिया संघात होते. त्यानंतर 2005 साली पोर्तुगालमधील एस्तोरिलला, बर्म्युडातल्या त्या सात किल्वरनंतर तीस वर्षांनी, इटलीने बर्म्युडा बाउल परत आणला, आणि त्याही संघात लाउरिया होते. 2013 साली बालीमध्ये इटलीने हा करंडक पुन्हा एकदा जिंकला.